केशवापूरने जे केलं...

हुबळीचं केशवापूर हुबळी-धारवाड मध्य मतदारसंघात येतं. २००८ च्या पुनर्रचनेआधी हुबळी ग्रामीण हा मतदारसंघ होता. तिथून एस. आर. बोम्मई निवडून येत. १९९४ पासून जगदीश शेट्टर. आधी ग्रामीण, मग मध्य, असे २०१८ पर्यंत सलग सहा विजय, मधे मुख्यमंत्रिपदही!

२०२३ मध्ये भाजपने तिकीट नाकारलं. शेट्टर आमदारकी सोडून काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि ३४ हजारांहून अधिक मतांनी पडले. माणूस तोच, चिन्ह तेवढं बदललेलं. जानेवारी २०२४ मध्ये ते भाजपात परतले आणि जूनमध्ये बेळगावचे खासदार झाले. मतदाराने शिक्षा दिली, पक्षाने माफी!

तरीही शेट्टर नवं चिन्ह घेऊन निदान मतदारापुढे गेले. आपल्या गोव्यात सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपात गेले, तेही निवडून आल्यावर सहाच महिन्यांत. मतदाराला कोणी विचारलं? दोन तृतीयांशांचा आकडा जुळला की कायदाही गप्प.

माझं म्हणणं एवढंच : पक्ष खुशाल बदला, पण आधी राजीनामा द्या आणि पुन्हा मतं मागा. केशवापूरच्या मतदाराला जी संधी मिळाली, ती आपल्याला का नको?