धरणकाठचा आखाड

आखाड पार्टी ही भोर-वेल्ह्याच्या धरणकाठांवर शहराने आणून लादलेली रीत आहे. आषाढातल्या रविवारी पानशेत, वरसगाव, भाटघरच्या पाण्याकडेला गाड्या लागतात, तीन दगडांची चूल मांडली जाते, पातेलेभर चिकन किंवा मटण शिजते आणि बाटल्या फुटतात. सोमवारी काठावर उष्टा रस्सा, हाडे आणि पत्रावळ्या उरतात. या घाणीची चीड गावोगाव आहेच. पण दोष नुसत्या कचऱ्याचा नाही, मुळात मांस उधळण्याचा आहे.

एक किलो कोंबडीच्या मांसामागे जागतिक सरासरीने सुमारे ४,३०० लिटर पाणी खर्ची पडते, शेळी-मेंढीच्या मांसामागे सुमारे ८,७००. त्यातले बहुतेक पाणी खाद्याच्या आणि चाऱ्याच्या शेतात जाते. पातेल्याच्या तळाशी उरलेले अर्धा किलो चिकन ओढ्यात ओतणारा माणूस दोन हजार लिटर पाणी वाया घालवतो, आणि ते ओततो कुठे? पानशेतची साठवण १०.६५ टीएमसी, वरसगावची १२.८२, हे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला जाते. स्वतःच्या मुलांच्या पिण्याच्या पाण्यात उष्टे टाकणाऱ्याला सुशिक्षित म्हणणे कठीण आहे.

त्या पातेल्यातला जीवही विचारात घ्यावा लागतो. ब्रॉयलर सुमारे चाळीस दिवसांत दोन किलोचा केला जातो. शेडमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम चौरस फूटभर जागा येते आणि शरीर इतक्या झपाट्याने वाढते की कित्येक पक्ष्यांना ते पायांवर पेलत नाही. एवढे सोसून कापलेला जीव नशेत अर्धा चघळून फेकला जातो. गावच्या जत्रेतल्या बोकडाबद्दलही नैतिक वाद होऊ शकतो आणि तो व्हावा. मात्र तिथे वाटे पडतात. मुंडी, पाय, वजडी, रक्तीसुद्धा कोणाच्या तरी चुलीवर जाते. मारलेल्या जनावराचा मान राखण्याची ती किमान पायरी आहे.

यावर ठरलेली उत्तरे येतात. श्रावण पाळायचा असतो, म्हणून आधी खाऊन घ्यायचे. महिन्याचा संयम आदल्या रविवारी दुप्पट खाऊन साधत असेल, तर त्याला संयम म्हणू नये. दुसरे उत्तर, गावाला धंदा मिळतो. मटण शहरातून येते, बाटल्या हमरस्त्यावरून येतात; गावाला काच मिळते. आषाढ हा इथे भातलावणीचा महिना. खाचरात गुडघाभर चिखलात वाकून आवण लावणाऱ्या बाईच्या तळव्यात ती काच शिरते, चिखलणीच्या बैलाच्या खुरात रुतते. उष्ट्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो.

तिसरे उत्तर सर्वांत संतापजनक: आधी शाकाहाऱ्यांकडे बघा. बघायलाच हवे. किलोमागे चीजचे उत्सर्जन कोंबडीपेक्षा जास्त भरते आणि दुधाची जनावरे मिथेन सोडतातच. पण शेजाऱ्याच्या ताटातल्या दोषाने ओढ्यातली हाडे धुऊन निघत नाहीत.

धरणकाठच्या प्रत्येक ग्रामसभेने आषाढ लागण्यापूर्वी ठराव करावा: पाण्याकडेला चूल पेटणार नाही, बाटली फुटणार नाही. आणि ज्याला मांस खायचेच आहे, त्याने ते आपल्या घरी, लागेल तेवढेच आणून, शेवटच्या तुकड्यापर्यंत खावे.