स्फुट विचार : कोणाच्या हातचे?

आचाऱ्याने विद्यापीठात व्याख्यान द्यावे, हे ऐकून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. आचाऱ्याची जागा चुलीपाशी आणि व्यासपीठ पंडितांचे, असाच आपला समज. परंतु अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने २०१० साली पाकक्रियेमागील शास्त्रावर व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा स्पेनमध्ये जन्मलेले नामांकित बल्लवाचार्य होझे आंद्रेस हे तिच्या व्याख्यात्यांत होते.

त्याच वर्षी हैती देशात भीषण भूकंप झाला. तेथे आंद्रेस यांनी आपल्या पद्धतीने काळा घेवडा शिजविला, तोच तेथील बायकांनी सांगितले की, आम्ही तो वाटून, गाळून, दाट करून खातो. त्यांनी ते निमूटपणे मानले. संकटात सापडलेल्यांस ताजे अन्न पुरविणारी त्यांची ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ ही संस्था त्याच सुमारास निघाली. भुकेलेल्यासही आवड आणि अभिमान असतो, हा त्यातील बोध.

कोल्हापूरकरांस मात्र याहूनही कठीण असा धडा पूर्वीच मिळाला आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या चाकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांस, ते अस्पृश्य असून पाण्यास शिवले म्हणून, मार खावा लागला. महाराजांनी अपराध्यांस शासन केले आणि पुढे गंगारामांस चहाचे दुकान काढावयास साहाय्य केले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः दुकानापुढे गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेऊ लागले व बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावू लागले. दुकान पैशाने उभे राहिले असेल. चालले ते महाराजांनी ओठांस लावलेल्या पेल्यामुळे!

त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचेच नाव देण्यात आले.

अन्नदान आपल्या घरांस नवे नाही. वार लावून जेवणारे गरीब विद्यार्थी आपल्याच माजघरांत वाढले. पण देणाऱ्याचा हात नेहमी वरच राहतो. दुसऱ्याच्या हातचे घेण्यातच आपली खरी परीक्षा आहे. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा कप आजही काही घरांत निराळ्या फळीवर असतो. घरातील वडीलधारे त्याविषयी बोलत नाहीत, सुना विचारीत नाहीत आणि मुले न शिकविता शिकतात. आमची विनंती एवढीच की, तो कप आजच इतर कपांत मिसळावा. आणि सणासुदीस बाईंनी आपल्या घरची करंजी आणली, तर ती झाकून न ठेवता त्यांच्यादेखत सर्वांनी खावी.