बारव उपसली, पुढे काय?

सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार पायऱ्यांची प्राचीन बारव ग्रामस्थांनी श्रमदानाने गाळ काढून मोकळी केली, हे सर्वथा अभिनंदनीय होय. परंतु आमच्या मते काम येथे संपत नाही. बारव पाणी उत्पन्न करीत नाही. भोवतालच्या रानात मुरलेला पाऊसच तीत पाझरतो. दुधनेच्या खोऱ्यातील काळी जमीन भिजली की फुगते, मग पाणी न मुरता माती घेऊन धावते. तोच गाळ ओढ्यांत व ब्रह्मवाकडीच्या निम्न दुधना धरणात साठतो. म्हणून प्रत्येक खातेदाराने उताराला आडवी पेरणी करावी व बांध राखावेत. पूर्वजांनी बारव बांधून दिली. तिचे झरे जिवंत ठेवणे हे आम्हां शेतकऱ्यांचेच कर्तव्य नव्हे काय?