उजेड वाचण्याचा अभ्यास

पेडणे महालातील मांद्रे या गावाशी नाते सांगणारे लाड घराण्यातील दोन बंधू एकोणिसाव्या शतकात मुंबईत डॉक्टर झाले. थोरले डॉ. भाऊ दाजी लाड आपणा सर्वांस परिचित आहेत. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील ते एक पदवीधर, आणि भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय १९७५ पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. धाकटे डॉ. नारायण दाजी मात्र डॉक्टरांच्याही स्मरणातून गेले आहेत. तेही त्याच कॉलेजचे पदवीधर. पण त्यांची आज जी काही कीर्ती शिल्लक आहे ती छायाचित्रकार म्हणून. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांत त्यांची गणना होते.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे काय प्रकार होता हे आपल्या व्यवसायातील माणसाला चटकन उमगेल. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा (हेच कोलोडियन आपले पूर्वसूरी जखमेवर लावीत), ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायची. प्रकाश मोजणारे यंत्र नव्हते. आभाळ किती भरले आहे, सावली किती गडद आहे, किती सेकंद झाकण उघडे ठेवावे, हे सारे डोळ्याने ठरवायचे आणि चुकत चुकत शिकायचे. नाडी पाहायला शिकण्याचीही हीच रीत आहे.

आज हे सारे काम मोबाइल करतो आणि येथेच माझ्या मते अडचण सुरू होते. बालरोगतज्ज्ञाच्या मोबाइलवर दिवसाकाठी किती छायाचित्रे येतात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अंगावरचे पुरळ, शीचा रंग, सुजलेला डोळा, पिवळे दिसणारे बाळ. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यापासून या व्यवहाराला अधिकृत मान्यताही आहे. म्हणजे आपण छायाचित्रावरून मत देऊ लागलो. पण छायाचित्र कसे घडते हे मात्र शिकलो नाही. क्ष-किरणचित्र हाती आले की आपण आधी ते नीट काढले आहे का, मूल वळलेले तर नाही, किरणांची मात्रा कमी-जास्त तर नाही, हे पाहतो. मोबाइलवरच्या चित्राला असा एकही प्रश्न आपण विचारीत नाही.

हे शिकण्यासाठी महागडा कॅमेरा लागतो असा एक समज सुस्थितीतील डॉक्टरवर्गात रूढ आहे. दोन लाखांची सामग्री कपाटात पडून असते आणि तिच्यावरचा निर्देशक कायम ‘ऑटो’वर. व्याख्याने ऐकून किंवा पुस्तके वाचूनही हे येत नाही. हाताने करून पाहावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदलले ते वहीत लिहावे, एवढीच पद्धत उपयोगी पडते.

पहिला अभ्यास एका अंड्याचा. खोलीतील सर्व दिवे घालवावेत, एकच खिडकी उघडी ठेवावी आणि टेबलावर पांढरे अंडे ठेवून चित्र घ्यावे. मग अंडे जागचे न हलवता आपण त्याभोवती फिरावे. खिडकी पाठीशी असताना अंडे सपाट तबकडीसारखे दिसते. खिडकी बाजूला आली की त्याला गोलाई येते. खिडकी समोर आली की ते काळवंडते. आता अंध्या बाजूला एक कोरा पांढरा कागद उभा धरावा. सावली फिकट होते. कागदाच्या जागी काळे कापड धरावे; सावली गडद होते. नंतर खिडकी लावून टेबललॅम्प घ्यावा. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी दिसेल. दिव्यापुढे मलमलीचे पातळ कापड थोडे दूर धरले की तीच कड विरघळते, कारण प्रकाश आता लहान ठिपक्यातून न येता मोठ्या पृष्ठभागातून येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ नेमके त्या मलमलीचे काम करते. मुरगावात पावसाळ्यात फोटो चांगले येत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. मला तर माणसांचे चेहरे टिपायला त्याहून चांगला काळ दिसत नाही.

दिवा अंड्यापासून एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की प्रकाश निम्मा न होता एकचतुर्थांश होतो. क्ष-किरणांच्या संदर्भात हा वर्गाचा नियम आपण सर्वांनीच पाठ केला होता. येथे तो डोळ्यांना दिसतो. मोठ्या खिडकीजवळ मात्र तो तसाच्या तसा लागू होत नाही, हेही करून पाहिल्यावरच ध्यानात राहते.

गोलाईचा हा खेळ पुरळ पाहणाऱ्याला थेट उपयोगी आहे. पुरळ कातडीच्या पातळीवर आहे की उंचावलेले, हे समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये कळत नाही. बाजूच्या खिडकीच्या तिरप्या उजेडात प्रत्येक पुटकुळी आपली सावली घेऊन उभी राहते. म्हणून पालकांना ‘फोटो पाठवा’ एवढेच न सांगता ‘फ्लॅश बंद करा, बाळाला खिडकीशी आडवे घ्या आणि एक चित्र लांबून, एक जवळून काढा’ असे सांगावे. शिवाय मोबाइलचे सौंदर्यवर्धन बंद करायला सांगावे. चेहरा नितळ करणारी ती सोय गोवराचे पुरळही तितक्याच मायेने पुसट करते!

दुसरा अभ्यास आपल्या दवाखान्यातच होईल. दारामागचा पांढरा अॅप्रन आणि कोपऱ्यातली काळी छत्री यांची वेगवेगळी चित्रे काढावीत, प्रत्येक वेळी चौकट त्या एकाच वस्तूने पूर्ण भरून. अॅप्रन मळकट राखाडी येईल आणि छत्रीही राखाडीच. जे समोर दिसते ते मध्यम करड्या छटेचे आहे असे प्रकाशमापक गृहीत धरतो. ढीगभर पांढरे असो वा काळे, तो दोघांना त्याच छटेकडे ओढतो. हे एकदा पाहिले की गोऱ्या मुलाचे आणि सावळ्या मुलाचे चित्र एकाच तऱ्हेने का घेऊ नये हे वेगळे सांगावे लागत नाही. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर बोट टेकवून उजेड कमी-जास्त करता येतो.

शटरच्या वेगासाठी छताचा पंखा पुरेसा आहे. सेकंदाच्या १/३० भागात पाती पुसली जातात, १/१००० मध्ये थबकतात. भिंगाच्या अंतरासाठी घरातील कोणालाही बसवावे आणि मोबाइल चेहऱ्याच्या वीतभर जवळ नेऊन, मग दीड मीटर मागे सरून चित्रे ताडून पाहावीत. जवळच्या चित्रात नाक मोठे होते आणि कान मागे जातात. जन्मजात व्यंगाच्या शंकेने पाठवलेल्या चेहऱ्याच्या चित्रावरून मत देणाऱ्याने हा प्रयोग करून पाहिलेला असावा. चकाकीसाठी डिचोलीच्या पितळी समईसारखा गुरू नाही. तिच्यावर सारी खोली उमटते; दिवा कोणत्या कोनात ठेवला असता लखलखाट कॅमेऱ्यात शिरत नाही हे शोधायला अर्धा तास लागतो, आणि पुढे ओल्या जखमेचे किंवा घशाचे चित्र घेताना तोच अर्धा तास कामी येतो.

रंगाचा अभ्यास मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. एकच पांढरा कागद जुन्या पद्धतीच्या बल्बखाली, ट्यूबलाइटखाली, उन्हात आणि सावलीत ठेवून चित्रे घ्यावीत. कॅमेऱ्यातील रंगसंतुलन एकाच जागी स्थिर ठेवावे. बल्बचे रंगमान सुमारे २८०० केल्व्हिन, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५००, सावलीचे त्याहूनही वर. कागद एक, रंग चार. आता कागदाच्या जागी नवजात बाळ आहे आणि प्रश्न काविळीचा आहे अशी कल्पना करा. क्रेमर यांनी १९६९ साली कावीळ डोक्याकडून पायांकडे कशी उतरत जाते ते मांडले आणि तो आराखडा आपण आजही शिकवतो. पण समक्ष पाहूनही नुसत्या नजरेचा अंदाज पुष्कळदा फसतो. फिकट पिवळ्या भिंतींची खोली, हळदी रंगाचे दुपटे आणि स्वतःच रंग ‘सुधारणारा’ मोबाइल यांच्या संगतीत तो अंदाज कशावर उभा राहणार? नवजात बाळाच्या काविळीचा निर्णय छायाचित्रावर घेऊच नये, बाळाला समक्ष आणवावे आणि शंका वाटताच बिलिरुबिन मोजावे, असे माझे ठाम मत आहे. दूरच्या गावाहून चित्र आलेच, तर बाळाशेजारी पांढरा कागद ठेवायला सांगावे. तो कागद पिवळा दिसला की चित्र बाजूला सारता येते.

याच्या उलट, एक गोष्ट कॅमेरा आपल्यापेक्षा आधी पाहू शकतो. फ्लॅशच्या चित्रात दोन्ही बाहुल्या लाल दिसतात. एक लाल आणि दुसरी पांढरी दिसली तर रेटिनोब्लास्टोमाची शंका घ्यावी लागते. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा कर्करोग झाला होता. त्यांनी घरातील जुनी छायाचित्रे चाळली तेव्हा निदानाच्या पुष्कळ आधीच्या चित्रांतही ती पांढरी झाक सापडली. पुढे त्यांनी व सहकाऱ्यांनी अशी झाक ओळखणारे मोबाइल अॅप तयार केले आणि त्यावरील अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक पांढरी बाहुली म्हणजे कर्करोग नव्हे. डोळा विशिष्ट कोनात वळला असता दृष्टिपटलावरील चकतीवरून परतलेला प्रकाशही तशी झाक देतो, आणि मोतीबिंदूतही ती दिसते. पण तपासणी टाळण्यास ही सबब होऊ शकत नाही. कॅमेऱ्यातील ‘रेड आय’ घालवणारी सोय ही खूण पुसू शकते, म्हणून घरच्या वाढदिवसाच्या एखाद्या चित्रात तरी ती बंद ठेवावी, हे लसीकरणाला आलेल्या पालकांना सांगायला दोन मिनिटे लागतात.

संमतीचा विषय राहिला. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये, हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत स्पष्ट आहे. व्यावसायिकांच्या मोबाइल-गटांवर मुलांचे उघडे चेहरे ज्या सहजतेने फिरतात, ते मला मान्य नाही. चौकट कशी आवळावी, चेहरा वगळून विकार कसा दाखवावा, हादेखील छायाचित्रणाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

आपल्या संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमांत औषध कंपन्यांच्या व्याख्यानांना जागा मिळतेच. त्यातला एक रविवार या अभ्यासाला द्यावा असे मी कार्यकारिणीला सुचवतो. परिचारिकांना आणि शिकाऊ डॉक्टरांना अगत्याने बोलवावे, कारण वॉर्डातील चित्रे बहुधा तेच काढतात. सामानाची यादी लहान आहे: खिडकी असलेली खोली, टेबललॅम्प, मलमलीचे कापड, पांढरा कागद, काळी छत्री, कोणाच्या तरी देवघरातली समई आणि डझनभर अंडी.