फ्रेंचचं ‘हा-ही-हे’ मराठीतून शिका

फ्रेंच शिकायला आलेल्या मराठी मुलाला आपण पहिल्याच दिवशी सांगतो, मराठी बाजूला ठेव आणि इंग्रजीतून विचार कर. हा सल्ला चुकीचा आहे. किती चुकीचा, हे पाहायला फ्रेंच व्याकरणातला एक छोटासा धडा पुरतो : दर्शक विशेषणांचा, म्हणजे आपल्या ‘हा, ही, हे’चा.

कॉलेज असो, खासगी क्लास असो की फ्रेंचच्या ‘डेल्फ’ परीक्षेची तयारी, हा धडा बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात शिकवला जातो. फळ्यावर चौकट आखायची, तिच्यात चार फ्रेंच रूपं लिहायची आणि समोर ‘धिस, दॅट, दीज, दोज’ मांडायचं. मग रिकाम्या जागा भरा. मुलं जागा भरतात, गुणही मिळवतात, आणि एक साधं वाक्य बोलायची वेळ आली की अडतात.

अडतात, कारण त्यांच्या डोक्यात प्रश्नच भलते घातलेले असतात. इंग्रजी भाषा दोन गोष्टी विचारते : वस्तू जवळ आहे की लांब, आणि एक आहे की अनेक. फ्रेंचला या जागी जवळ-लांबशी काही कर्तव्य नाही. तिचे प्रश्न तीन. नाम एकवचनी की अनेकवचनी? पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? आणि लगेच पुढचा ध्वनी स्वर आहे की व्यंजन? यातले पहिले दोन प्रश्न मराठी माणूस दिवसभर न कळत सोडवत असतो. शाळेचं तोंडही न पाहिलेलं मूल ‘हा आंबा, ही चिंच, हे केळं’ बिनचूक म्हणतं. नामाचं लिंग बदललं की त्याच्या पुढचा शब्दही बदलायचा, ही सवय इंग्रजाला फ्रेंचसाठी मुद्दाम लावून घ्यावी लागते. आपल्याला ती घरातूनच मिळालेली असते, आणि वर्गात शिरताना आपण तीच उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगतो.

फ्रेंचची रूपं कागदावर चार, पण कानाला तीनच आहेत : ‘स’, ‘सेत’ आणि ‘से’. व्यंजनाने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी शब्दापुढे ‘स’ : स लीव्र, हे पुस्तक. स्त्रीलिंगी शब्दापुढे ‘सेत’ : सेत मेझों, हे घर. स्वराने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी शब्दापुढेही ‘सेत’च : सेतार्ब्र, हे झाड. अनेकवचनात लिंग कुठलंही असो, ‘से’. दोन्ही ‘सेत’ ऐकायला एकसारखे, फरक फक्त स्पेलिंगमध्ये. पुल्लिंगी ‘सेत’ला एक टी, स्त्रीलिंगीला दोन टी आणि शेवटी ई. देवनागरीत लिहून घेतलं की हे एका नजरेत कळतं. रोमन स्पेलिंगांची चौकट आधी पाठ केली की कळत नाही.

अनेकवचनात लिंगभेद पुसला जातो, याचंही मराठी विद्यार्थ्याला नवल वाटायला नको. आपण ‘हा मुलगा, ही मुलगी, हे मूल’ म्हणतो, पण प्रत्यय लागला की ‘या मुलाला, या मुलीला, या मुलांना’. सामान्यरूपापुढे तिन्ही लिंगांचं एकच ‘या’ होतं. लिंगभेद काही जागी पाळायचा आणि काही जागी सोडायचा, हा व्यवहार दोन्ही भाषांत आहे. फक्त जागा वेगळ्या आहेत.

अडचण आहे ती लिंग कोणतं, यात. आपल्याकडे तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोन. त्यामुळे आपल्या नपुंसकलिंगी नामांची तिकडे वाटणी झालेली दिसते : पुस्तक आणि झाड पुल्लिंगात, घर आणि टेबल स्त्रीलिंगात. शाळा मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगीच. या वाटणीला सरसकट नियम नाही, ती पाठच करावी लागते. आणि लिंग चुकलं की नुसतं व्याकरण बिघडत नाही, अर्थही पालटू शकतो. ‘सेत तूर’ म्हणजे हा मनोरा. आयफेल टॉवर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे. ‘स तूर’ म्हणजे ही फेरी, आणि सायकलींची ‘तूर द फ्रांस’ पुल्लिंगी. हेसुद्धा मराठीला अनोळखी नाही. ‘हा वेळ’ आणि ‘ही वेळ’ यांतला फरक आपण कधी पाठ केला होता?

आता तिसरा प्रश्न, ध्वनीचा. इथे जवळपास प्रत्येक वर्गात सांगितलं जातं की स्वर पुढे आला की ‘स’ला ‘त’ जोडायचा. विद्यार्थ्याला वाटतं, कुणीतरी सोयीसाठी मध्येच एक अक्षर घुसवलं. इतिहास नेमका उलटा आहे. लॅटिनमधल्या ‘एक्के’ आणि ‘इस्ते’ या दोन शब्दांच्या जोडीतून जुन्या फ्रेंचमध्ये ‘सेस्त’सारखं रूप तयार झालं. त्यातला ‘त’ मूळचा आहे. व्यंजनापुढे तो झिजून गळाला आणि ‘स’ उरलं. स्वरापुढे त्याला टेकायला जागा मिळाली, म्हणून तो टिकला. ‘सेत’ हे जुनं रूप आणि ‘स’ हे झिजलेलं रूप, असं कळलं की अपवाद म्हणून पाठ करण्यासारखं काही राहत नाही.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. संस्कृतमध्ये ‘तो’ म्हणजे ‘सः’. पण पुढे व्यंजन आलं की विसर्ग गळतो आणि ‘स गच्छति’ असं होतं. पाणिनीने या दर्शक सर्वनामासाठी स्वतंत्र सूत्र केलं आहे. फ्रेंच ‘स’चं आणि संस्कृत ‘स’चं कूळ वेगळं, त्यांचं नातं जोडायचं कारण नाही. पण व्यंजनापुढे शब्दाचं शेपूट गळणं ही क्रिया आपल्या मुलांनी संधीच्या प्रकरणात पाहिलेली आहे. तिची आठवण करून द्यायला शिक्षकाला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

या नियमातली सगळ्यात जास्त चुकणारी जागा जरा निरखून पाहू. ध्वनी पाहायचा तो नामाचा नाही, लगेच पुढे येणाऱ्या शब्दाचा. ‘ओतेल’ म्हणजे हॉटेल, पुल्लिंगी, उच्चार स्वराने सुरू होतो. म्हणून ‘सेतोतेल’. पण ‘हे छोटं हॉटेल’ म्हणायचं तर मध्ये ‘पती’ हे विशेषण येतं, त्याच्या तोंडाशी व्यंजन आहे, म्हणून ‘स पती तोतेल’. उलट ‘स लीव्र’ म्हणजे हे पुस्तक, पण ‘हे दुसरं पुस्तक’ म्हणताना मध्ये ‘ओत्र’ येतं आणि ‘सेतोत्र लीव्र’ होतं. नाम तेच, लिंग तेच, तरी रूप बदललं. चौकट पाठ केलेला विद्यार्थी नामाकडे बघत बसतो आणि फसतो. मोठ्याने बोलून शिकलेल्याची जीभ ‘स ओत्र’ म्हणताना आपोआप अडखळते आणि स्वतःच ‘सेतोत्र’वर जाते.

दुसरी जागा ‘एच’ची. फ्रेंचमध्ये ‘एच’ कधीच उच्चारला जात नाही, पण काही शब्दांत तो न बोलताही आडवा येतो. ‘ऑम’, म्हणजे पुरुष, याच्यापुढचा एच नसल्यासारखाच : सेतॉम. ‘एरो’ म्हणजे नायक, त्याचा एच मात्र भिंतीसारखा उभा : स एरो. अनेकवचनात याचं महत्त्व फारच वाढतं. स्वर पुढे आला की ‘से’च्या शेवटचा मुका एस ‘झ’ होऊन बोलू लागतो : से अधिक आँफाँ, सेझाँफाँ, ही मुलं. नायकांच्या बाबतीत तोच जोड दिला तर ‘सेझेरो’ होईल, आणि त्याचा अर्थ ‘ही शून्यं’. म्हणून ‘से एरो’ असं तोडूनच म्हणायचं. गंमत अशी की नायिका, म्हणजे ‘एरोईन’, तिचा एच आडवा येत नाही : सेतेरोईन. एच आडवा येणारे शब्द शब्दकोशात खूण करून दिलेले असतात. ती खूण पाहायची सवय सुरुवातीलाच लागली पाहिजे.

मराठीने इतकी मदत केल्यावर एका जागी मात्र ती आपल्याला मागे ओढते. ‘हा’ आणि ‘तो’ यांतलं अंतर आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. फ्रेंचमध्ये ‘स लीव्र’ म्हणजे हे पुस्तकही आणि ते पुस्तकही. जुन्या फ्रेंचमध्ये जवळच्यासाठी एक आणि लांबच्यासाठी एक अशी दोन रूपं होती. पुढे या विशेषणांतला हा भेद विरला, आणि गरज पडेल तेव्हा नामाच्या मागे ‘सी’ किंवा ‘ला’ जोडण्याची पद्धत आली : स लीव्र-सी, हे इथलं. स लीव्र-ला, ते तिथलं. मराठी विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी हे शेपूट लावू पाहतो, कारण अंतर सांगितल्याशिवाय त्याचं वाक्य त्यालाच अर्धवट वाटतं. फ्रेंच माणूस दोन वस्तूंमध्ये निवड करायची असेल तेव्हाच बहुधा ते लावतो, आणि बोलताना तर जवळच्या वस्तूलाही सर्रास ‘ला’ जोडतो.

काळाचे शब्द या दृष्टीने मुद्दाम घोकावेत. ‘स स्वार’ म्हणजे आज संध्याकाळी, ‘सेताने’ म्हणजे यंदा, ‘स झूर-ला’ म्हणजे त्या दिवशी. ‘सेत न्वी’चा अर्थ मात्र क्रियापदावर ठरतो. ‘सेत न्वी झोप लागली नाही’ म्हटलं तर काल रात्री, ‘सेत न्वी निघतोय’ म्हटलं तर आज रात्री.

मॉरिशसच्या मराठी घरांत तर तीन पद्धती शेजारी शेजारी नांदू शकतात. कोकणातून तिकडे गेलेल्या मजुरांचे वंशज शाळेत मराठी ‘हा-ही-हे’ शिकतात, फ्रेंचही शिकतात, आणि रोज बोलतात ती क्रेओल. क्रेओलमध्ये लिंगभेद नाही. ‘सा लिव ला’ म्हणजे हे किंवा ते पुस्तक : ‘सा’ आधी, ‘ला’ मागे, आणि मध्ये कुठलंही नाम. एका भाषेने जे सांभाळलं ते दुसरीने टाकलं, हे तिथल्या मुलांच्या रोजच्या अनुभवात असतं. आपल्या मुलांना ते मुद्दाम दाखवावं लागेल.

म्हणून शिक्षकांना आणि स्वतःच्या हिमतीवर शिकणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं असं. हा धडा ‘धिस-दॅट’ने सुरू करू नका. फळ्यावर पहिल्या रकान्यात ‘हा, ही, हे’ लिहा आणि मुलांकडूनच काढून घ्या की आपली भाषा इथे काय काय विचारते. मग फ्रेंचची तीन रूपं कानावर घाला, देवनागरीत लिहायला लावा, आणि स्पेलिंग त्यानंतरच शिकवा. प्रत्येक नवं नाम एकटं पाठ करू नका, आणि ‘सेत’ लावूनही करू नका. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाचं लिंग ‘सेत’ लपवतो. ‘सेतार्ब्र’ आणि ‘सेतेकॉल’ ऐकून झाड पुल्लिंगी आणि शाळा स्त्रीलिंगी हे कसं कळणार? ‘आप्रे-मिदी’, म्हणजे दुपार, या शब्दाची तर दोन्ही लिंगं चालतात आणि ‘सेताप्रे-मिदी’ म्हणताना कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा ‘एक’ जोडून पाठ करा : अँनार्ब्र, यूनेकॉल. तिथे लिंग स्पष्ट ऐकू येतं.

आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. वर्गात इंग्रजी कमी पडतं म्हणून तुम्ही फ्रेंचमध्ये मागे राहाल, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. या धड्यापुरतं तरी तुमचं पाऊल इंग्रजीतून येणाऱ्याच्या पुढे आहे. लिंग-वचनाचा मेळ तुम्ही बोलायला लागल्यापासून घालत आला आहात. आता फक्त नामांची नवी लिंगं शिकायची आणि पुढच्या ध्वनीकडे कान द्यायचा. मराठीतून फ्रेंच शिकवणारी चांगली पुस्तकं आपण मागितली पाहिजेत, लिहिली पाहिजेत. ती येईपर्यंत वहीचा तो पहिला रकाना तुम्हीच मराठीत आखा.