ड्रॉवरमधली अकरा घड्याळं

परवा रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ड्रॉवर उघडून सगळी घड्याळं पलंगावर मांडली. मोजली. अकरा भरली! हात दोनच, आणि त्यातलाही एकच घड्याळाचा. बायको दारातून बघत होती. काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं आता मला ऐकू येतं.

कारण सांगतो. गेली तीन-चार वर्षं मला सेइकोचं अल्पिनिस्ट हवंय. गर्द हिरवी तबकडी, सोनेरी काटे, आणि आत होकायंत्राची फिरणारी कडी. हे नाव सेइकोने १९५९ साली जपानी गिर्यारोहकांसाठी काढलं. हिरवं मॉडेल २००६ ते २०१८ चाललं, मग बंद पडलं, आणि २०२० मध्ये नवीन मशीन घालून परत आलं. एकदा चावी भरली की सत्तर तास चालतं. आता नागपुरात गिर्यारोहण म्हणजे सेमिनरी हिल्सचा चढ, आणि तोही आम्ही स्कूटरवर चढतो. त्यामुळे होकायंत्राची गरज काय, हा प्रश्न कृपया विचारू नका. घरात विचारून झालेला आहे. दुकानात भाव सांगितला चौसष्ट हजार. बायकोशी तह असा झाला की घरखर्चाच्या पैशाला हात लावायचा नाही. जुनी विकायची, त्यातून नवीन घ्यायचं.

तर प्रश्न असा की कुठली विकायची?

घड्याळवेड्या मित्रांमध्ये याचं एक ठरलेलं उत्तर आहे. वर्षभरात जे एकदाही मनगटावर चढलं नाही, ते विकून टाका. ऐकायला बरं वाटतं. त्यात तथ्यही आहे, कारण ड्रॉवरमध्ये ठेवलेलं घड्याळ जपलं जातं हा आपला भ्रम असतो. चावीच्या घड्याळातलं तेल न वापरता सुकतं, आणि आपल्या मे महिन्यात तर ड्रॉवरचासुद्धा तवा होतो. सेलच्या घड्याळात मेलेला सेल पाझरतो आणि मशीन खाऊन टाकतो. माझं एक टायमेक्स असंच गेलं. म्हणजे न घालता ठेवणं हेही एक प्रकारे घालवणंच.

पण हा नियम लावून मी दोन ढीग करायला बसलो आणि अर्ध्या तासात अडकलो.

एक ढीग मी स्वतः हौसेने घेतलेल्यांचा. टायटन एज, २००२ साली आलं तेव्हा साडेतीन मिलिमीटर जाडीचं कौतुक वाटून पुढे केव्हातरी घेतलेलं. कॉलेजच्या काळातली दोन फास्टट्रॅक. ते मेलेलं टायमेक्स. काळं प्लास्टिकचं कॅसिओ. ऑफिसात दहा वर्षं झाल्याबद्दल मिळालेलं एक, ज्याच्या तबकडीवर कंपनीचं चिन्ह असल्यामुळे ते फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही. (हौसेचं नाही, पण त्याला दुसरा ढीग नव्हता.) एक सेइको फाइव्ह, हे त्यातलं खरं चांगलं. आणि एक लाल तबकडीचं एचएमटी पायलट, ऑनलाइन घेतलेलं, जे बर्डीवरच्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, मशीन एचएमटीचंच आहे. तबकडी मात्र कोणीतरी घरी रंगवली आहे." असो.

या ढिगाची बाजारातली किंमत ऐकून मी खाली बसलो. सेइको फाइव्ह आणि एज सोडले तर बाकीच्यांना मिळून एका सहकुटुंब जेवणाचे पैसे येत नाहीत. आपण हौसेने मोजलेले पैसे दुसऱ्याच्या लेखी हौस नसतात, तो फक्त वापरलेला माल असतो.

दुसरा ढीग आपोआप हातात आलेल्यांचा. त्यात तीनच. बाबांचं एचएमटी पायलट, बाबांचं एचएमटी कांचन आणि माझ्या लग्नातलं सासऱ्यांनी दिलेलं टायटन. आणि गंमत अशी की गिऱ्हाईक याच ढिगाला होतं. एचएमटीने बंगलोरला जपानच्या सिटिझनबरोबर १९६१ साली घड्याळं बनवायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, आणि त्यानंतर लोकांना एकदम प्रेमाचा उमाळा आला. ज्या घड्याळांना कोणी विचारत नव्हतं त्यांचे संग्राहक झाले.

माझं ठरलं होतं. पायलटची काच ओरखडलेली, तबकडी पिवळट पडलेली, पण अस्सल. तेव्हा ते विकायचं. कांचन मात्र प्राण गेला तरी नाही. सोनेरी मुलाम्याचं, ऑटोमॅटिक, बाबांनी सणालग्नालाच घातलेलं, बाकी मखमली डबीत. बाबांनी इतकं जपलं म्हणजे ते त्यांचं सर्वात लाडकं असणार, हा माझा हिशेब. बाबा २०१४ साली गेले, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "काय करून राहिला रे तू हे?"

मी सांगितलं. तिने पायलट उचललं आणि पदराने काच पुसली. "हे काहून विकतोस? हे ते रोज घालायचे." बाबा कोराडीच्या पॉवर स्टेशनला होते. रात्रपाळीत अंधारात दिसावं म्हणून काळी तबकडी आणि चमकणारे आकडे असलेलं हे घड्याळ त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. आता अंधारात त्यातलं काहीही चमकत नाही. मग तिने डबीकडे बोट केलं. "ते वीक."

मला वाटलं चुकून बोलली. चुकून नव्हती बोलली.

कांचन हे १९८१ साली लग्नात मागून घेतलेलं घड्याळ आहे. आमच्या घरून निरोप गेला होता की जावयाला कांचनच पाहिजे, दुसरं चालणार नाही. तेव्हा ते दुकानात सरळ मिळत नसे. आजोबा, म्हणजे आईचे वडील, काटोलला शाळामास्तर. त्यांनी एस.टी.ने नागपूरच्या तीन चकरा मारल्या आणि शेवटी इतवारीत कोणाकडून तरी वर पैसे देऊन ब्लॅकमध्ये घेतलं. त्यासाठी आजीच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या परत आल्याच नाहीत. हुंडाबंदीचा कायदाही १९६१ चाच, एचएमटीच्या वयाचा. लग्नात दोघेही वीस वर्षांचे होते म्हणायचे.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"त्यांना नंतर कळलं. पहिल्या दिवाळीला परत करायला गेले होते. माझे बाबा घेतील का? मग ठेवून दिलं डबीत." आईने कपबशा उचलल्या. "तू समजत होतास जपून ठेवलं."

मी या घड्याळाबद्दल दोनदा चारचौघांत अभिमानाने बोललोय. एकदा तर आईसमोर.

माझं म्हणणं एवढंच आहे की घड्याळ विकताना ते आपण किती घालतो हा दुय्यम प्रश्न आहे, आणि वडिलोपार्जित आहे म्हणून ठेवायचं हेही उत्तर नाही. ज्याच्या घरातून ते आलं, ज्याने त्याचं मोल भरलं, तो माणूस किंवा त्याचं कोणी हयात असेल तर आधी त्याला विचारा. आपण परस्पर आदर करत बसतो आणि ज्याला खरं माहीत असतं तो चाळीस वर्षं गप्प बसलेला असतो. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा घड्याळासाठी एवढं? पण आई ती डबी दर दिवाळीच्या साफसफाईत पुसून परत ठेवत होती हो.

त्या रात्री मी बायकोला तिसऱ्या घड्याळाबद्दल विचारलं. आमच्या लग्नात कोणी काही मागितलं नव्हतं, निदान मला तरी तसंच सांगितलेलं. ती म्हणाली, "मागितलं नव्हतं. पण द्यायचं असतं हे बाबांना न मागता कळत होतं." ते टायटन सध्या माझ्या हातात आहे. विकू की घालू, ते समजत नाहीये. सासरे हे वाचतात, त्यामुळे तूर्त घालतोय.

हिशेब असा आहे. सेइको फाइव्ह गेलं, एज गेलं, फास्टट्रॅक दोन्ही गेली. रंगवलेलं पायलट, ते रंगवलेलं आहे असं सांगून विकलं, त्यामुळे कमी आले. एकूण एकवीस हजार दोनशे. बाबांचं पायलट काकांकडून ऑइलिंग करून आणलं, दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, चालायचंच. कांचनला नाशिकच्या एका गृहस्थाने चांगला भाव सांगितलाय, पण त्यातला रुपया अल्पिनिस्टकडे जाणार नाही. आईने तसं बजावलं, आणि नसतं बजावलं तरी ते पैसे तिचेच. पाटल्या एवढ्यात होणार नाहीत, हे तिलाही माहीत आहे. हिरवं घड्याळ या वर्षी होत नाही, एवढं नक्की.

फक्त एक राहिलंय. मामा, तुम्ही हे वाचत असालच. घड्याळ तुमच्या वडिलांनी घेतलं होतं. आई म्हणते विकून टाक, पण तुम्हाला काटोलच्या घरी ते परत हवं असेल तर पहिला हक्क तुमचा, आणि पैशाचं नावही काढायचं नाही. नाशिकचे गृहस्थ रविवारपर्यंत थांबायला तयार आहेत. त्याच्या आत फोन करा. दुपारी नको, आई झोपलेली असते.