नुसतं कापायचंच तर आहे!

मुंबईकरांना १९ नोव्हेंबर २०२२ चा शनिवार आठवत असेल. मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल काढायचा म्हणून मध्य रेल्वेने त्या रात्रीपासून तब्बल २७ तासांचा मेगाब्लॉक घेतला होता. पूल १८६८ सालचा. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस दोनच विषय चालू होते. एक म्हणजे लोकलचे हाल, आणि दुसरा म्हणजे क्रेन केवढ्या मोठ्या आहेत! व्हिडिओवर व्हिडिओ. त्यात गर्डरवर उकिडवे बसून, हातातल्या टॉर्चने लोखंड कापणारी माणसं अधूनमधून दिसायची. त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एकाने लिहिलं तेही असं, "अरे नुसतं कापायचंच तर आहे, २७ तास कशाला?"

हे वाक्य मला तेव्हापासून चावतंय. क्रेन उचलते ते सुटं झालेलं लोखंड. ते सुटं कोण करतं? आणि कुठून सुटं करायचं हे कसं ठरतं? दोन्ही टोकांना टेकलेल्या गर्डरची वरची कड दाबली जात असते आणि खालची ताणली जात असते. वरून कापत गेलात तर कापलेली फट मिटून बसते, खालून गेलात तर ती 'आ' वासते आणि उरलेलं लोखंड कधी सुटेल याचा नेम नाही. क्रेनने आधीच ताण दिला असेल तर हे सगळं गणित पुन्हा बदलतं. हातात टॉर्च घेतलेल्या माणसाला हे कळावं लागतं, कारण तो त्याच लोखंडावर बसलेला असतो.

आता तुम्ही विचाराल, तुझा काय संबंध? दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस तू! संबंध आहे. माझ्या मामाची कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनची छोटी शेड होती आणि इंजिनिअरिंगच्या बहुतेक सुट्ट्या मी तिथे काढल्या. (घरच्यांच्या मते 'अनुभव घ्यायला'. माझ्या मते मिसळ खायला.) तिथे गॅस कटिंगला तात्या होते. मी मालकाचा भाचा, म्हणून त्यांच्या तोंडी माझं नाव कायम 'भाच्या'.

तर आधी थोडं शास्त्र, कारण इथे जवळजवळ सगळ्यांचा एक गैरसमज असतो. गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळवून कापतात असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ते जाळून कापतात. अक्षरशः जाळून! ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत साधारण ३१०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते खरी, पण तिचं काम लोखंडाला ९०० अंशांच्या आसपास, म्हणजे लालभडक होईपर्यंत नेण्यापुरतं. पोलाद वितळायला १५०० च्या घरात जावं लागतं, म्हणजे आपण अजून बरेच खाली आहोत. या क्षणी टॉर्चची पट्टी दाबायची. नोझलच्या मधल्या भोकातून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि लाल झालेलं लोखंड सरळ पेट घेतं. त्या जळण्यातून स्वतःची उष्णता निघते, ती पुढच्या लोखंडाला तापवते. जळून झालेला ऑक्साइड पोलादापेक्षा कमी तापमानाला पातळ होतो आणि झोताबरोबर खाली उडून जातो. मागे राहते दोन-तीन मिलिमीटरची फट.

म्हणूनच स्टेनलेस स्टील या पद्धतीने कापता येत नाही. त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइड स्टीलच्याही वर वितळतो, तो झाकणासारखा बसून राहतो आणि ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही. ॲल्युमिनियमचंही तेच. आणि म्हणूनच ऑक्सिजनची शुद्धता थोडी जरी घसरली तरी कापायचा वेग चांगलाच पडतो. तात्यांना यातलं रसायनशास्त्र माहीत नव्हतं. पण सिलिंडर बदलल्यावर दोन इंच कापून ते सांगायचे, "ह्या बाटलीत दम न्हाई." मामा एजन्सीला फोन लावायचा.

आता हाताचं काम. डीएचा, म्हणजे ॲसिटिलीनचा, सिलिंडर मरून रंगाचा, ऑक्सिजनचा काळा. डीएचे आटे उलटे, म्हणजे चुकून एकाची नळी दुसऱ्याला लागायला नको. आधी थोडा डीए सोडून पेटवायचा, की पिवळी, काजळी ओकणारी ज्योत येते. डीए वाढवून काजळी घालवायची, मग हळूहळू ऑक्सिजन. ज्योतीच्या आतली पांढुरकी पिसं आखडत जातात आणि मधल्या भोकाभोवती छोटे, निळसर, टोकदार सुळके उरतात. मग पट्टी दाबून ज्योत पुन्हा एकदा तपासायची, कारण कापायचा ऑक्सिजन सुटला की ती जरा बदलते. हे सगळं तात्या पाच-सहा सेकंदांत करायचे आणि तोंडाने मला शिव्या घालत असायचे. मला मात्र...असो.

खडूने रेघ मारली तर ती ज्योतीत दिसेनाशी होते. म्हणून रेघेवर सेंटर पंचाने ठिपके मारून घ्यायचे. तात्यांचा नियम असा, की कापून झाल्यावर प्रत्येक ठिपका अर्धा उरला पाहिजे. पूर्ण उरला तर तुम्ही रेघेच्या बाहेर आहात, गायब झाला तर आत. हाताने, उभ्या-बसल्या, हिरव्या काचेतून बघत, ठिणग्या अंगावर घेत, अर्धा ठिपका!

ते डावी मूठ प्लेटवर टेकवून तिच्यातून टॉर्च सरकवायचे. हात फारसा हलायचाच नाही, कमरेपासूनचं सगळं अंग मिळून एका लयीत सरकायचं. सुळक्याचं टोक प्लेटपासून तीनेक मिलिमीटर वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बारा मिलिमीटरच्या प्लेटवर वेग साधारण मिनिटाला एक-दीड फूट, पण तात्या हा वेग घड्याळाने मोजत नव्हते. मी डोळे फाडून ज्योतीकडे बघत बसलो होतो तेव्हा म्हणाले,

"भाच्या, काय बघालायस? ऐक की."

खरंच, नीट चाललेल्या कटचा आवाज जाड कापड एका दमात फाडल्यासारखा येतो. सलग. वेग जास्त झाला की तो फुरफुरतो आणि ठिणग्या खाली जायच्या सोडून मागे किंवा वर उडू लागतात. हे कानाला कळून हात सावरेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात कट बिघडलेला असतो. तात्यांच्या बाबतीत तो वेळच नव्हता.

पण मला खरा धक्का बसला तो गंजलेल्या नटच्या वेळी. एका जुन्या मशीनचा बोल्ट वाचवायचा होता आणि नट इतका धरलेला की पाना मोडायची वेळ आली. तात्यांनी टॉर्च नटच्या एका अंगाला, बोल्टला समांतर धरली आणि नटची एक बाजू खालपर्यंत जाळून काढली. आटे? जसेच्या तसे. याला जादू म्हणायची गरज नाही. नट आणि बोल्ट यांच्यामध्ये गंजाचा आणि हवेचा पातळ थर असतो, तो उष्णता अडवतो, त्यामुळे नट पेटायच्या तापमानाला पोचतो तेव्हा बोल्ट अजून मागे असतो. ही संधी असते काही क्षणांची. जुन्या पुलांचे रिव्हेट काढतानाही हेच करतात. डोकं लाल करायचं, नोझल आडवं करून ते प्लेटवरून धुऊन टाकायचं, आणि खालच्या प्लेटला ओरखडासुद्धा नाही. ज्याला हे जमतं त्याला काय 'नुसतं कापता येतं' म्हणायचं?

आपल्या भाषेत सांगायचं तर कापलेली कड ही लॉग फाइल असते. तिच्यावर बारीक उभ्या रेघा दिसतात. त्या सरळ असतील, वरची कड धारदार असेल आणि खाली चिकटलेली मळी हातोडीच्या एका टिचकीने पडत असेल, तर काम उत्तम. रेघा खाली जाताना मागे वळल्या असतील तर माणूस घाईत होता. वरची कड वितळून गोल झाली असेल तर ज्योत फार मोठी होती, किंवा तो रेंगाळला. मध्येच खड्डा पडला असेल तर हात थांबला होता, किंवा नोझलमध्ये घाण अडकली होती. सगळं लिहिलेलं असतं, आणि ते नंतर बदलता येत नाही. ग्राइंडर मारून पुसता येतं एवढंच, आणि त्या ग्राइंडरवाल्याचे तास कुणीतरी भरतंच.

इथे माझं मूळ दुखणं येतं. चांगला कट झाला की पुढे काही करावं लागत नाही, आणि पुढे काही करावं लागलं नाही की कुणाला तो कट दिसत नाही. आपल्याकडे नवीन फीचर लिहिणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि दहा वर्षांचा जुना कोड बाकीचं काही न मोडता काढून टाकणाऱ्याला अप्रेझलमध्ये विचारतात, "पण तू या वर्षी केलंस काय?" त्यातलाच हा प्रकार. आमच्या सोसायटीने जुन्या लोखंडी टाकीचा सांगाडा काढायला कोटेशनं मागवली, तेव्हा कमिटीतल्या एका सद्गृहस्थांनी (ते मॅनेजर आहेत हे सांगायला नकोच) कटिंगची ओळ खोडली आणि 'हेल्परच्या दरात बसवा' असं सुचवलं. सांगाडा गच्चीवर, खाली पार्किंग, आणि कापणार कोण, तर हेल्पर. मी भांडलो. दर थोडा वाढला, मीटिंग अर्धा तास लांबली आणि माझी लोकप्रियता घटली.

यावर हमखास येणारा मुद्दा म्हणजे, "आता सीएनसी आहे, प्लाझ्मा आहे, लेसर आहे. हाताने कापायचे दिवस गेले." अर्धं खरं आहे. सपाट प्लेटमधून एकसारखे पाचशे तुकडे काढायचे असतील तर मशीनच हवं, आणि ते तात्यांपेक्षा सरस कापतं. त्यात रडण्यासारखं काही नाही. पण मशीनला हवी सपाट, मोकळी, माहितीची प्लेट. पूल, जहाज, बॉयलर, अपघातात चेपलेला डबा यांतलं काहीच मशीनच्या टेबलावर येऊन झोपत नाही. तिथे माणूसच टॉर्च घेऊन लोखंडापाशी जातो.

'विक्रांत'चंच घ्या. आपली पहिली विमानवाहू नौका. १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय होती, आणि २०१४ मध्ये लिलावात विकली जाऊन दारूखान्याच्या किनाऱ्यावर तोडली गेली. पुढे २०१६ मध्ये तिच्या लोखंडाचा अंश असलेली बजाजची 'व्ही' मोटरसायकल आली, तिची जाहिरात पाहून आपल्यापैकी अनेकांचा ऊर भरून आला. माझाही आला. पण एवढ्या मोठ्या युद्धनौकेचे ट्रकवर मावतील एवढे तुकडे करणारे हात त्या भरून आलेल्या उरात कुठे नव्हते. जहाज तोडताना बहुतेक ठिकाणी ॲसिटिलीनऐवजी स्वस्त पडतो म्हणून एलपीजी वापरतात, कसब मात्र तेच. धोकाही तोच, किंबहुना जास्त. जुन्या रंगात शिसं असतं, ते जळून छातीत जातं. बंद टाकीत उरलेल्या तेलाची वाफ असेल तर पहिल्याच ठिणगीला सगळं संपतं.

आणि खुद्द ॲसिटिलीनही साधा गॅस नाही. मोकळा असताना साधारण एका बारच्या वर दाबला तर तो हवेशिवायही स्वतःच फुटू शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ आणि ॲसिटोन भरून त्यात तो विरघळवून ठेवतात. डीए म्हणजे 'डिझॉल्व्ड ॲसिटिलीन' ते यासाठी. हा सच्छिद्र पदार्थ सुधारणारा स्वीडनचा गुस्ताफ दालेन १९१२ मध्ये ॲसिटिलीनच्याच स्फोटात आंधळा झाला, आणि त्याच वर्षी दीपगृहांच्या स्वयंचलित नियंत्रकांसाठी त्याला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. आपल्या गल्लीतल्या कामांवर मात्र हाच सिलिंडर आडवा लोळवलेला दिसतो, म्हणजे नळीत ॲसिटोन यायची सोय. शेजारी चष्म्याशिवाय बसलेला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. तो 'बघून बघून' शिकतोय. तात्याही तसेच शिकले, आणि त्यांच्या मनगटांवर त्या शिक्षणाचे डाग होते. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडमध्ये गॅस कटिंग रीतसर शिकवतात, पण शिकून आलेल्यालाही दर हेल्परचाच मिळणार असेल तर कोण कशाला शिकेल?

आपल्यापैकी बरेच जण आता सोसायटीच्या कमिट्यांवर आहेत, काही जण घरं बांधताहेत, काहींच्या घरच्या फॅक्टऱ्या आहेत. कोटेशन हातात आलं की कटिंगची ओळ वेगळी मागा. कापणारा कोण आहे ते विचारा आणि त्याने आधी कापलेली एखादी कड बघा, कशी वाचायची ते वर सांगितलंच आहे. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले, कापणाऱ्याला आणि त्याच्या हेल्परला दोघांनाही चष्मा, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहा. ठेकेदार म्हणेल, साहेब, हे कुणी विचारत नाही. त्याला सांगा, आम्ही विचारतोय.